डगआउटमधले स्कॉटिश (भाग ५) : संघ निवडायचा कुणी?

१९६० सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबची बस एअर्ड्रीला सामन्यासाठी निघाली होती. वाटेत क्लबचाच राखीव गोलरक्षक विली गोल्डी दिसला. गळ्यात सेल्टिकचा मफलर घालून तो प्रेक्षक म्हणून सामना बघायला निघाला होता. अध्यक्ष बॉब केली यांना त्याची निष्ठा इतकी भावली, की त्यांनी त्याला बसमध्ये घेतलं आणि त्या दिवशी त्यालाच गोलमध्ये उभं केलं. सेल्टिक ०-२ असं हरलं. क्लबला मॅनेजर होता. जिमी मॅकग्रोरी, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा माणूस. पण संघात कोण खेळणार हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं.

आपल्याकडे क्रिकेटचा चमू निवड समिती निवडते, त्यामुळे आपल्याला यात फारसं वावगं वाटणार नाही. पण समितीत निदान माजी खेळाडू असतात. त्या काळातल्या अनेक ब्रिटिश क्लबांत हा अधिकार व्यापारी, दारूच्या गुत्त्यांचे मालक, वकील अशा संचालकांकडे असे. मॅनेजर कोट-टाय घालून ऑफिसात बसे, पत्रव्यवहार बघे. सराव ट्रेनर घेई आणि सराव म्हणजे बहुतेक वेळा मैदानाला फेऱ्या. मॅट बझबीनं १९४५ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून हा अधिकार मागून घेतला, ते आपण आधी पाहिलं. स्कॉटलंडमध्ये तोच हट्ट धरून सगळ्या युरोपाला तोंडात बोट घालायला लावलं ते जॉक स्टीननं.

स्टीनचा जन्म १९२२ चा, लॅनार्कशरमधल्या बर्नबँकचा. वडील खाणकामगार. कोवळ्या वयात काही काळ गालिच्याच्या कारखान्यात काम करून तोही कोळशाच्या खाणीत उतरला. आठवडाभर जमिनीखाली, शनिवारी अल्बियन रोव्हर्सच्या संघात सेंटर-हाफ, असं त्याचं आयुष्य वर्षानुवर्षं चाललं. युद्धाच्या काळातही खाणकाम अत्यावश्यक म्हणून तो खाणीतच राहिला. खेळाडू म्हणून तो मोठा नव्हता, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावं. १९५० मध्ये पूर्णवेळ फुटबॉलचे पैसे मिळतात म्हणून तो वेल्समधल्या लानेथ्ली या छोट्या क्लबाकडे गेला. तिथून १९५१ च्या डिसेंबरात सेल्टिकनं त्याला १,२०० पौंडांत आणलं. आणलं तेही पहिल्या संघासाठी नव्हे, राखीव संघातल्या पोरांना चार गोष्टी शिकवायला. पण बिनीचे बचावपटू जखमी झाले आणि स्टीन आत गेला तो बाहेर आलाच नाही. कर्णधार झाला. १९५३-५४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली सेल्टिकनं लीग आणि स्कॉटिश कप दोन्ही जिंकले. पुढे घोट्याच्या दुखापतीनं खेळ संपला आणि क्लबनं त्याच्याकडे राखीव संघ सोपवला. बिली मॅकनील हा पोरगेला बचावपटू तिथेच त्याच्या हाताखाली तयार झाला.

मुख्य मॅनेजरपद मात्र सेल्टिकमध्ये मिळण्याची चिन्हं नव्हती. आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांसाठी स्थापन झालेला हा क्लब. तिथे तोवरचे सगळे मॅनेजर कॅथलिक होते. स्टीन प्रोटेस्टंट. ग्लासगोत ही बाब किती खोल जाते, हे तिथल्या सेल्टिक-रेंजर्स वैरावरून कळतं.

मग तो १९६० च्या मार्चमध्ये डनफर्मलिन क्लबाला मॅनेजर म्हणून गेला. संघ खालच्या विभागात घसरण्याच्या बेतात होता. स्टीन आल्यावर ओळीनं सहा सामने जिंकला आणि वाचला. पुढच्याच वर्षी त्यानं स्कॉटिश कप आणला, अंतिम फेरीत हरवलं तेही सेल्टिकला. १९६३ मध्ये त्यानं आणखी एक शहाणपणाचं काम केलं. तो मिलानला गेला, इंटरच्या हेलेनियो हेरेराचा सराव बघायला. हेरेराची बचावाची तटबंदी तेव्हा जगात सगळ्यांत भक्कम मानली जायची. ती कशी बांधतात हे स्टीननं कडेला उभं राहून पाहून घेतलं.

हिबर्नियनला काही महिने घालवून १९६५ च्या मार्चमध्ये तो सेल्टिकला परतला. केलींनी आधी त्याच्यापुढे जोडीनं काम करण्याचा प्रस्ताव ठेवला होता. दुसरा मॅनेजर शॉन फॅलन. स्टीननं तो साफ नाकारला. संघ मी निवडणार, एकटा मी. केलींनी मान्य केलं. माझ्या मते सेल्टिकचं पुढचं सगळं वैभव या एका संभाषणातून आलं. कारण खेळाडू तेच होते. १९५७ नंतर एकही मोठा करंडक न जिंकलेले. स्टीननं त्यांच्या जागा बदलल्या. आघाडीत चाचपडणाऱ्या बॉबी मर्डॉकला मागे मधल्या फळीत आणलं, विंगर बर्टी ऑल्डला त्याच्या जोडीला दिलं, डावा फुलबॅक टॉमी गेमेल याला पुढे धावण्याची मोकळीक दिली. तो स्वतः ट्रॅकसूट घालून मैदानात उतरायचा आणि सराव बहुतेक चेंडूनंच व्हायचा. सहा आठवड्यांत स्कॉटिश कप घरी आला. मॅकनीलच्या हेडरनं डनफर्मलिनवर ३-२.

आता लिस्बन. २५ मे १९६७, युरोपियन कपची अंतिम फेरी, समोर हेरेराचं इंटर. सेल्टिकचे अकराच्या अकरा खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिघात जन्मलेले. सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर इंटरच्या माझ्झोलानं गोल केला. एक गोल मिळाला की इंटर दार लावून बसायचं आणि ते उघडणं भल्याभल्यांना जमायचं नाही. हेरेराच्या पद्धतीत प्रत्येक बचावपटूला एकेक माणूस नेमून दिलेला असे आणि सगळ्यांच्या मागे एक मोकळा राखणदार. स्टीननं नेमकं हेच हत्यार उलटवलं. त्यानं विंगर जिमी जॉन्स्टनला कडेला उभंच राहू दिलं नाही, आत भटकायला लावलं. त्याच्यामागे इंटरचा बचावपटू आत ओढला गेला. पुढचे चामर्स आणि वॉलेसही असेच आपापले पहारेकरी घेऊन बाजूला सरकत राहिले. कडेच्या पट्ट्या ओस पडल्या आणि त्या मोकळ्या जागेत दोन्ही फुलबॅक, क्रेग आणि गेमेल, मागून धावत येऊ लागले. त्यांना नेमून दिलेला पहारेकरीच नव्हता. चेंडू दोनदा गोलच्या आडव्या खांबाला लागला, इंटरच्या सार्तीनं तर गोलरक्षणाची शर्थ केली. अखेर ६३व्या मिनिटाला उजव्या फुलबॅकनं पास दिला आणि डाव्या फुलबॅकनं तो जाळ्यात मारला. एका फुलबॅकच्या पासवर दुसऱ्यानं अंतिम सामन्यात गोल करणं, हे त्या काळात कुणी कागदावरही मांडलं नसतं. ८४व्या मिनिटाला मर्डॉकच्या फटक्याला चामर्सनं दिशा दिली. २-१. हा कप जिंकणारा सेल्टिक हा पहिला ब्रिटिश क्लब.

डावपेचांइतकंच स्टीनला माणसांचं कळायचं. जॉन्स्टनला विमानाची विलक्षण धास्ती होती. १९६८ च्या नोव्हेंबरात रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध घरचा सामना मध्यंतराला १-१ होता. स्टीननं त्याला सांगितलं, आपण चार गोलांच्या फरकानं जिंकलो तर परतीच्या सामन्याला तू बेलग्रेडला यायचं नाहीस. दुसऱ्या अर्धात जॉन्स्टन अंगात आल्यासारखा खेळला. त्यानं स्वतः दोन गोल केले, सामना ५-१ असा संपला आणि तो बेलग्रेडला गेला नाही. शब्द दिला तो पाळला, यातच स्टीनचा धाक आणि जिव्हाळा दोन्ही येतात.

एकट्यानं निवडायचं तर चूकही एकट्याची. १९७० मध्ये युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत सेल्टिकनं लीड्सला हरवलं, हॅम्पडेन मैदानावर १,३६,५०५ प्रेक्षकांसमोर. त्यानंतरचा फेयेनूर्दविरुद्धचा अंतिम सामना सोपा जाईल, असं स्टीननं धरलं. फेयेनूर्दच्या मधल्या फळीत तिघं होते, त्यानं दोघंच उतरवले. गेमेलनं आघाडी मिळवूनही सेल्टिक जादा वेळेत १-२ असं हरलं. तो पराभव खेळाडूंच्या माथी मारणारे अजून भेटतात. मला ते पटत नाही.

घरच्या लीगमध्ये मात्र १९६६ ते १९७४ सलग नऊ विजेतेपदं. डॅल्ग्लिश, मॅकग्रेन अशी नवी पिढी त्यानं राखीव संघातूनच घडवली. १९७५ च्या मोटार अपघातातून तो जेमतेम वाचला, पुढचा हंगाम बाहेर राहिला, परतून १९७७ मध्ये पुन्हा लीग आणि कप जिंकला. त्याच उन्हाळ्यात डॅल्ग्लिश लिव्हरपूलला गेला आणि १९७८ मध्ये संघ पाचवा आला. तेव्हा क्लबनं मॅनेजरपद मॅकनीलला दिलं आणि स्टीनला संचालक मंडळात जागा देऊ केली. काम काय, तर क्लबच्या निधीसाठी तिकिटं खपवण्याच्या योजनेची देखरेख. ज्यानं २५ करंडक आणले त्याला हे द्यावं, याचा आजही राग येतो. स्टीन गेला. लीड्समध्ये ४४ दिवस राहून तो स्कॉटलंडचा मॅनेजर झाला आणि १९८२ च्या विश्वचषकाला संघ घेऊन गेला.

१० सप्टेंबर १९८५ ला कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध पात्रता सामना होता. डेव्ही कूपरच्या पेनल्टीनं १-१ अशी बरोबरी झाली आणि प्ले-ऑफचं तिकीट मिळालं. सामना संपता संपता स्टीनला हृदयविकाराचा झटका आला. मैदानाच्या वैद्यकीय कक्षातच तो गेला, वयाच्या ६२व्या वर्षी. त्या रात्री त्याच्या बाजूला सहायक म्हणून अ‍ॅबर्डीनचा मॅनेजर बसला होता. स्कॉटलंडला १९८६ च्या विश्वचषकाला त्यानंच नेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाला. स्टीनकडून काय उचललं हे त्यानं कधी लपवलं नाही. पुढच्या आठवड्यात अ‍ॅलेक्स फर्ग्युसन.