आई पाणी पीत नाही तेव्हा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. दवाखान्यात या आजाराला डिमेन्शिया म्हणतात. तीन वर्षे आम्ही तिला सांभाळत होतो, तिचे विसरणे आमच्या अंगवळणी पडले होते. पण त्या दिवशी ती एकाएकी बदलली. सकाळी नातवाला नावाने हाक मारणारी आई संध्याकाळी त्याला ओळखेना. हवेत हात फिरवू लागली, मध्येच डोळे मिटून पडू लागली. शेजारी म्हणाले, "वय झालं, आजार वाढला." आम्हीही तेच धरून चाललो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "दिवसाला किती पाणी पितात?" आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही.

आईच्या अंगातले पाणी कमी झाले होते आणि लघवीत जंतुसंसर्ग झाला होता. सलाईन लागले, औषध सुरू झाले. चार दिवसांनी ती पुन्हा नातवाला नावाने बोलावू लागली. तिचा आजार गेला नाही, पण आजार वाढला असे जे आम्ही समजलो होतो ते खरे नव्हते.

तांब्या भरलेला का राहतो?

आम्ही कामाला जाताना आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवत असू. संध्याकाळी तो तसाच भरलेला दिसे. आम्ही रागावत असू, "समोर पाणी असून पीत नाहीस?" त्यात तिचा काही दोष नव्हता.

उतारवयात तहानेची जाणीव मंद होते. अंगाला पाणी हवे असते, पण घसा तसे सांगत नाही. त्यात स्मृतिभ्रंश असेल तर माणूस पाणी प्यायचेच विसरतो, किंवा नुकतेच प्यालो असे त्याला वाटते. कधी तांब्या समोर असूनही तो कशासाठी आहे हे उमगत नाही. कधी तहान लागते, पण ती सांगायला शब्द सापडत नाही. म्हणून अशा माणसाजवळ पाणी नुसते ठेवून भागत नाही. ते हातात द्यावे लागते आणि पिऊन होईपर्यंत जवळ बसावे लागते.

लघवीची भीती

एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या वस्तीत संडास गल्लीच्या टोकाला आहे. आईला धरून न्यावे लागते, वाटेत कपडे ओले होतात. म्हणून दुपारनंतर आम्हीच तिला पाणी द्यायचे टाळत होतो. पुष्कळ घरांत असेच चालते. काही म्हातारी माणसे तर इतरांना त्रास नको म्हणून स्वतःच पाणी तोडतात.

हा हिशेब उलटा पडतो. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते आणि लघवीची घाई उलट वाढते. जंतुसंसर्गाला वाव मिळतो. शौचाला घट्ट होते. उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती वाढते.

त्यापेक्षा पाण्याची वेळ बदलावी. दिवसाचे बहुतेक पाणी सकाळपासून चार-पाच वाजेपर्यंत द्यावे, संध्याकाळनंतर थोडे थोडे. दर दोन तासांनी, विशेषतः चहा-जेवणानंतर, विचारण्याची वाट न पाहता लघवीला न्यावे. घरातच आडोसा करून मधोमध भोक असलेली, खाली भांडे बसणारी खुर्ची ठेवली तर रात्रीची फरफट वाचते.

किती पाणी, आणि कशातून?

साधारणपणे दिवसाला दीड लिटरच्या आसपास, म्हणजे २०० मिलीच्या ग्लासाने सात-आठ ग्लास. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात यापेक्षा जास्त लागते. यात चहा, दूध, ताक, सरबत सगळे धरायचे. पातळ वरण, कढी, पेज, कलिंगड, काकडी, संत्री यांतूनही अंगात पाणी जाते. मधुमेह असेल तर सरबतात साखर नको, रक्तदाब असेल तर मीठ बेताने. बाजारातल्या महागड्या बाटल्यांची गरज नाही.

ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, पायांवर सूज येते, किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले आहे, त्यांच्यासाठी हे माप नाही. त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलेच पाळावे.

मोजण्याची सोपी रीत अशी. सकाळी नळ गेल्यावर आईच्या वाट्याचे पाणी एका वेगळ्या बाटलीत भरून ठेवायचे. संध्याकाळी बाटलीत किती उरले हे घरातल्या कोणालाही दिसते.

'पाणी पितेस का?' असे विचारू नये

असे विचारले की उत्तर बहुधा "नको" असेच येते. आमच्या घरी उपयोगी पडले ते असे:

- ग्लास हातात देऊन म्हणायचे, "आई, हे घे." आपणही आपला ग्लास घेऊन शेजारी बसायचे. समोरचा पितो आहे हे पाहून तीही पिते.
- ग्लास अर्धाच भरायचा. भरलेला स्टीलचा ग्लास थरथरत्या हाताला जड होतो. पांढऱ्या किंवा पारदर्शक ग्लासातले पाणी नीट दिसत नाही, रंगीत ग्लास चटकन दिसतो.
- जुनी सवय धरायची. आमची आई चहा बशीत ओतूनच पिते. कपाचा हट्ट सोडल्यावर ती सगळा चहा पिऊ लागली.
- वेळा ठरवायच्या. उठल्यावर, गोळ्यांबरोबर, अंघोळीनंतर, जेवणाबरोबर, नातू शाळेतून आल्यावर.
- नाही म्हणाली तर वाद घालायचा नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा द्यायचे, पाण्याऐवजी ताक द्यायचे. जबरदस्तीने तोंडात ओतायचे नाही.

गिळताना जपावे

आजार वाढला की गिळणेही अवघड होते. पाजताना माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली हवी. घोट लहान असावा आणि पहिला गिळल्यावरच दुसरा द्यावा. झोपवून पाजू नये, गुंगीत असताना तर मुळीच नाही. पिताना वारंवार ठसका लागत असेल किंवा प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, तर पाणी श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना दाखवावे.

दवाखान्यात कधी न्यावे?

लघवी गडद पिवळी व थोडी होणे, जीभ कोरडी पडणे, उठताना चक्कर येणे या पाणी कमी पडल्याच्या खुणा आहेत. कातडीला चिमटा काढून पाहण्याची रीत म्हाताऱ्या माणसांत भरवशाची नाही, कारण त्यांची कातडी आधीच सैल असते.

जुलाब किंवा उलट्या होत असतील तर ओआरएसची मोठी पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळून घोट-घोट द्यावी आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर अशा वेळी डॉक्टरांना लगेच विचारावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्मृतिभ्रंश बहुधा महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. माणूस एका-दोन दिवसांत एकदम बदलला, बरळू लागला, सारखा झोपू लागला, तर त्यामागे दुसरे कारण असू शकते. पाण्याची कमतरता, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, एखादे औषध. यांतली पुष्कळ कारणे बरी होणारी असतात. "वय झालं" म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उन्हाळ्यात अंग तापून शुद्ध हरपत असेल तर सावलीत घेऊन ओल्या कापडाने अंग पुसत राहावे, तोंडात पाणी घालू नये आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

हे काम एकटीचे नाही

आमच्याकडे आधी सगळे सुनेवर होते. धुणीभांडी करून ती दमून येई आणि मग पाण्यावरून आईशी भांडण होई. आता वाटून घेतले आहे. सकाळचा चहा मुलगा देतो. दुपारी शेजारच्या काकू येऊन आईबरोबर ताक पितात. चारचे सरबत नातवाकडे आहे. रात्री बाटली बघायचे काम सुनेचे. बाटली रोज रिकामी होतेच असे नाही. पण डॉक्टरांनी पुन्हा विचारले, तर आता घरातला कोणीही उत्तर देऊ शकेल.