मेघांतील गणित आणि बांधावरचा पाऊस

आमच्या नगर जिल्ह्यांत, २०२४ पासूनच्या अहिल्यानगरांत, कुशलप्रश्न झाला कीं दुसरा प्रश्न पावसाचा. मुलें पुण्यास वा परदेशीं, वडिलार्जित शेत वाटेकऱ्याकडे, अशा घरांतून 'यंदा रब्बी पेरावी कीं नाहीं' हें फोनवरच ठरतें. पुष्कळदां चुकीचें ठरतें. अशा वाचकांसाठीं गुगलच्या 'अर्थ इंजिन' या साधनाची ओळख करून देण्याचें योजिलें आहे.

हें साधन आपल्या संगणकांत ठेवावें लागत नाहीं. उपग्रहांचीं चित्रें व पावसाचे आंकडे दूरच्या यंत्रशाळांत सांठविलेले असून गणितही तेथेंच होतें. आपल्याकडे येतें तें केवळ उत्तर. या व्यवस्थेस 'क्लाऊड', म्हणजे मेघ, म्हणतात. नांव ठेवणाऱ्यानें दुष्काळ पाहिला नसावा.

अव्यापारी कामास तें विनामूल्य आहे. गुगलच्या खात्यावर एक 'प्रोजेक्ट' नोंदवून तसें लिहून द्यावें, म्हणजे ब्राउझरमध्यें 'कोड एडिटर' उघडतो. वर आज्ञा लिहिण्याची पाटी, खालीं नकाशा. नकाशावर शेताची हद्द आंखावी, 'सेंटिनेल-२' ही चित्रमाला निवडावी, तारखा घालाव्या. आज्ञा जावास्क्रिप्ट भाषेंत असतात. ती मला साठीनंतर शिकावी लागली. तिचें व्याकरण पाणिनीहून सोपें, पण एक कंस राहिला तर क्षमा नाहीं.

या चित्रांतील एक ठिपका १० मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषितें व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेंकतें. या दोहोंच्या वजाबाकीस बेरजेनें भागिलें कीं हिरवेपणाचा अंक मिळतो. सुमारें ५ दिवसांनीं नवें चित्र येतें; पावसाळ्यांत मात्र खरे मेघ आड येतात, म्हणून ढगाळ चित्रें गाळावीं लागतात.

पहिल्याच प्रयत्नांत माझें पडीक रान मार्चमध्यें हिरवेंगार दिसलें. मीं हर्षानें वाटेकऱ्यास विचारलें, "पाणी टिकलें वाटतें?"

"गुर्जी, ती येडी बाभळ हाय."

पावसाचेंही तसेंच. 'चर्प्स' या मालिकेंत १९८१ पासूनचा रोजचा पाऊस मिळतो, पण तिचा एक चौकोन सुमारें ५ किलोमीटरांचा. नगर तालुक्यांतील हिवरे बाजारचें क्षेत्र सुमारें १० चौरस किलोमीटर. तशीं दोन गांवें त्यांत सहज मावतील. आणि आमच्याकडे तर एका शिवारांत सर येते व बांधापलीकडे धूळ उडते. हिवरे बाजारानें म्हणूनच पाऊस गांवांत मोजला. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें तेथें पाऊस व विहिरींची पातळी पाहून पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढें मांडूं लागले; पिण्याचें पाणी आधीं राखावयाचें, मग रब्बीचें ठरवावयाचें. उसासारख्या पिकांस व शेतीच्या कूपनलिकांस गांवानें मनाई केली.

मीं वाटेकऱ्याच्या मुलीस एक पर्जन्यमापक आणून दिला आहे. ती रोज सकाळीं साडेआठ वाजतां मिलिमीटर कळविते. मी तो आंकडा वहींत चौकोनाच्या आंकड्याशेजारीं लिहितों. एका आठवड्यांत मेघानें चांगला पाऊस दाखविला, तेव्हां तिचें भांडें कोरडें होतें. रब्बीचें मात्र आम्ही विहिरींत दोर सोडून पाहिल्यावरच ठरवूं.