बोटावरची न दुखणारी गाठ

निर्मळ परिसरातील केळी-भाजीच्या वाड्यांत राबणाऱ्या हातांवर गाठ आली, की 'दुखत नाही, राहू दे' असे म्हणून ती वर्षानुवर्षे अंगावर काढली जाते, असे आम्हांस दिसते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेभोवती पातळ आवरण असते. त्यातून उद्भवणारी ही घट्ट, सावकाश वाढणारी गाठ कर्करोग नव्हे. द्रवाने भरलेल्या 'गँग्लियन'मधून विजेरीचा प्रकाश आरपार दिसतो, हिच्यातून दिसत नाही. चोळण्याने वा लेपाने ती विरत नाही, शस्त्रक्रियेने समूळ काढावी लागते. अंश मागे राहिल्यास पुन्हा वाढू शकते. बोटाच्या बारीक नसा तिला लगटून असल्याने हे काम घाईचे नव्हे.

काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठविण्याचा खर्च मात्र नातेवाईक टाळू पाहतात. गाठ तर गेली, मग तपासणी कशाला? परंतु निदान सूक्ष्मदर्शकाखालीच पक्के होते. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. निकषांत न बसणाऱ्या, तरीही ओढगस्तीच्या कुटुंबांच्या तपासणीसाठी आम्ही देणगीदारांकडे स्वतंत्र साहाय्य मागत आहोत.