सैनिक दफनभूमी : स्थानिक ऐतिहासिक स्थळाचा दर्जा

युद्धात सेवा बजावलेल्या सैनिकांची दफनभूमी जतन करण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नगरपालिका किंवा काउंटी आपल्या कायद्यान्वये देत असलेली मान्यता. १९६६ च्या कायद्यान्वये ठेवण्यात येणाऱ्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदपटात नाव येणे अधिक मानाचे समजले जाते. परंतु खाजगी मालकाने स्वखर्चाने काही पाडावयाचे ठरविल्यास नोंदपट त्यास अडवीत नाही. अडविण्याची शक्ती असते ती स्थानिक दर्जात. तो जाहीर सुनावणीनंतर सामान्यतः नगरपरिषदेच्या ठरावाने मिळतो आणि मग कुंपण, प्रवेशद्वार वा स्मृतिशिला यांत फेरबदल करण्यास स्थानिक आयोगाची पूर्वसंमती लागते.

१८६२ च्या कायद्यानंतर निर्माण झालेल्या राष्ट्रीय दफनभूमी केंद्रशासनाच्या असल्याने त्यांना स्थानिक नियमांचे बंधन नाही. प्रश्न उरतो तो इतरत्र पुरलेल्या सैनिकांचा. १८७९ पासून यादवी युद्धातील उत्तरेच्या सैनिकांच्या खाजगी दफनभूमींतील थडग्यांसाठीही शासनाने शिळा पुरविल्या. जमीन मात्र परक्याचीच राहिली. वारस पांगले, की अशी जागा धोक्यात येते. मिनीॲपोलिस येथील १८५३ ची दफनभूमी १९१९ मध्ये बंद झाली. हजारो शवे आप्तांनी अन्यत्र हलविली, तरी सुमारे वीस हजार तेथेच राहिली. त्यांत १८१२ च्या युद्धापासूनचे सैनिक आहेत. पुढे नगरपालिकेने ती विकत घेतली. राष्ट्रीय नोंद मात्र २००२ मध्ये झाली.

दर्जामुळे देखभालीचा पैसा आपोआप येत नाही. हौसेने केलेली सफाईही घातक ठरते : तारेच्या घासणीने वा ब्लीचने संगमरवर झिजून कोरलेली नावे पुसट होतात.