मोटारीचा टायमिंग पट्टा : बदलावा केव्हा?

समजा, एका कुटुंबाची मोटार ७ वर्षांची झाली असून तिचा आजवरचा प्रवास ४२,००० किलोमीटर भरला आहे. नेहमीच्या सर्व्हिसिंगसाठी ती गॅरेजमध्ये नेली असता मेकॅनिक सांगतो, की या खेपेस टायमिंग पट्टा बदलावा. मालक गाडीची पुस्तिका उघडतो. तीत ‘९०,००० किलोमीटर किंवा ५ वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते’ असे छापलेले आढळते. गाडी निम्मे अंतरही चाललेली नाही, इंजिनाचा आवाज स्वच्छ आहे आणि पट्टा तर झाकणाआड असल्यामुळे दिसतही नाही. मग हा खर्च आवश्यक की अनाठायी? याचे उत्तर मिळण्यासाठी हा पट्टा काय काम करतो व कशाचा बनलेला असतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

पट्ट्याचे कार्य

मोटारीचे इंजिन सामान्यतः चार धावांचे असते. पहिल्या धावेत दट्ट्या खाली येऊन सिलिंडरात हवा व इंधन ओढून घेतो. दुसरीत हे मिश्रण दाबले जाते. तिसरीत त्याचे ज्वलन होऊन दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. चौथीत जळालेले वायू बाहेर पडतात. डीझेल इंजिनात फक्त हवा आत घेतली जाते व इंधन मागाहून फवारले जाते, एवढाच फरक. या चार धावांत भुजादंड, म्हणजेच क्रँकशाफ्ट, दोन फेरे घेतो. प्रत्येक झडप मात्र एकदाच उघडावयाची असते. झडपा उघडण्याचे काम कॅमदंड करतो. म्हणून भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत कॅमदंडाचा बरोबर एकच फेरा व्हावा लागतो.

हा मेळ राखण्याचे काम पूर्वी दंतचक्रे किंवा साखळी करीत असे. हिंदुस्थानच्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेल्या अँबॅसडर गाडीच्या मूळ पेट्रोल इंजिनात साखळीच होती. १९६२ साली जर्मनीत ग्लास १००४ ही दाती पट्टा वापरणारी गाडी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. पट्टा साखळीपेक्षा हलका व स्वस्त असून त्याचा आवाजही कमी होतो आणि त्याला तेल लागत नाही. त्यामुळे तो पुढे सर्वत्र पसरला. १९८३ मध्ये आपल्याकडे आलेल्या मारुती ८०० गाडीच्या इंजिनातही असाच पट्टा होता. आजही कित्येक गाड्यांत पट्टा, तर कित्येकांत साखळी असते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे पुस्तिकेवरून पाहणे ही पहिली पायरी होय.

पट्टा झिजतो कसा?

टायमिंग पट्टा केवळ रबराचा नसतो. त्याच्या पोटात काचतंतूंच्या बारीक दोऱ्या असतात व ओढ त्या सोसतात. त्यांभोवती कृत्रिम रबर असते आणि दातांवर नायलॉनचे कापड बसविलेले असते. या पट्ट्याच्या वाट्याला किती श्रम येतात, ते एका सोप्या हिशेबावरून कळेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर एका किलोमीटरला २,००० फेरे पडतात. एक लाख किलोमीटरांत भुजादंडाचे २० कोटी व कॅमदंडाचे १० कोटी फेरे होतात. या सर्व काळात पट्टा चक्रांभोवती वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. अशा वाकण्याने दोऱ्या थकतात.

परंतु रबराचे वय केवळ अंतराने वाढत नाही. इंजिनाची उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे ते हळूहळू कडक होते व त्याला सूक्ष्म भेगा पडतात. गाडी उभी असली तरी ही क्रिया पूर्णपणे थांबत नाही. पुस्तिकेत किलोमीटरांबरोबर वर्षेही दिलेली असतात, ती याच कारणासाठी. तेल किंवा थंड ठेवणारे पाणी गळून पट्ट्यावर पडले, तर ठरलेल्या मुदतीपूर्वीच तो निकामी होऊ शकतो. काही नव्या इंजिनांतील पट्टा तेलातच फिरतो; तो त्यासाठी निराळ्या रबराचा केलेला असतो व त्याला नेमून दिलेलेच तेल वापरावे लागते.

तुटल्यास काय होते?

पट्टा तुटताच कॅमदंड जागीच थांबतो. गाडी गिअरमध्ये चालत असेल, तर तिच्या गतीमुळे दट्टे मात्र वरखाली होतच राहतात. ज्या इंजिनात उघडी झडप व वर आलेला दट्ट्या यांना एकच जागा आलटून पालटून वापरावी लागते, तेथे दोहोंची टक्कर होऊन झडपा वाकतात. प्रसंगी दट्ट्याही फुटतो. डीझेल इंजिनात हवा फार दाबावयाची असल्यामुळे दट्ट्यावर मोकळी जागा अत्यल्प असते व हा धोका अधिक असतो. काही पेट्रोल इंजिनांत पुरेशी जागा ठेवलेली असते. त्यांत पट्टा तुटल्यास इंजिन केवळ बंद पडते. तेही घाटातील वळणावर घडले तर क्षुल्लक म्हणता येणार नाही. कारण इंजिन थांबल्यावर ब्रेकला मिळणारे साहाय्य थोड्याच वेळात संपते व ब्रेक जड होतो. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी उभी करावी व पुनःपुन्हा स्टार्टर मारून पाहू नये. त्याने हानी वाढण्याचाच संभव असतो.

निर्णय कसा करावा?

झाकण काढून पाहिल्यास भेगा, तुटलेले दात किंवा तेलाचे डाग दिसले, तर पट्टा ताबडतोब बदलावा, यात शंका नाही. परंतु काहीच दिसले नाही, म्हणून तो निर्दोष ठरत नाही. आतल्या दोऱ्यांचा थकवा डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळदा पट्टा कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो. म्हणून येथे पारख डोळ्यांनी न करता मुदतीने करावयाची असते. ही मुदत गाडीगणिक निराळी असते. अनेक गाड्यांत ती ६०,००० ते १,५०,००० किलोमीटर किंवा ४ ते १० वर्षे अशी आढळते. जुनी गाडी विकत घेतली असून पट्टा केव्हा बदलला याची नोंद नसेल, तर तो बदलून तारीख व अंतर लिहून ठेवणे श्रेयस्कर.

या कामात पट्ट्याच्या किंमतीपेक्षा तो काढण्या-बसविण्याची मजुरी बहुधा जास्त असते. म्हणून ताण देणारी कप्पी, इतर कप्प्या आणि याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालत असेल तर तोही, त्याच वेळी बदलावा. जुनी कप्पी अडकली तर नवा पट्टाही टिकत नाही. पट्टा बसविताना चक्रांवरील खुणा जुळवून, इंजिन सुरू करण्यापूर्वी भुजादंड हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून त्या पुन्हा तपासाव्या लागतात.

आता आरंभीच्या गाडीकडे वळू. तिचे अंतर कमी असले तरी ५ वर्षांची मुदत दोन वर्षांपूर्वीच उलटली आहे. मेकॅनिकची सूचना योग्य आहे. त्या मालकाने तीन वर्षांची व ४२,००० किलोमीटर चाललेली गाडी नेली असती व गळतीचे चिन्ह नसते, तर मात्र तो खर्च अनाठायी ठरला असता. एका बाजूला मुदतीवर केलेला ठरावीक खर्च व दुसऱ्या बाजूला संपूर्ण इंजिनाची दुरुस्ती, असा हा तोल आहे. पुस्तिकेतील अंतर व वर्षे ही दोन्ही वाचणाऱ्यास तो सहज साधता येतो.