सिनिकल म्हणजे हुशार नव्हे

रक्तदान शिबिर लागलं की ‘निवडणूक जवळ आली वाटतं’, कुणी देणगी दिली की ‘टॅक्स वाचवला असेल’, असं म्हणणाऱ्याबद्दल आपण कौतुकाने सांगतो, ‘सिनिकल आहे, पण डोकं तल्लख.’ इथे दोन गैरसमज हातात हात घालून चालतात. पहिला असा की सिनिकल म्हणजे चिकित्सक. पण चिकित्सक माणूस पुरावा मागतो आणि तो मिळाला तर मत बदलतो. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला अंधश्रद्धा निर्मूलन समितीने बक्षीस जाहीर केलं, ही चिकित्सा झाली, कारण कुणी खरंच करून दाखवलं तर हार मानायची तयारी त्यात आहे. सिनिकल माणसाचा निकाल मात्र आधीच लागलेला असतो : जो तो स्वार्थापुरता. (ज्या ग्रीक पंथावरून हा शब्द आला त्यातला डायोजेनीस, मोठ्या रांजणात राहून, गरजा कमी करून जगा म्हणणारा. त्याला आजच्या अर्थाने सिनिकल म्हणणं अन्यायाचंच.)

दुसरा गैरसमज तल्लखपणाचा. ओल्गा स्टावरोवा आणि डॅनियल एलेब्राख्ट या संशोधकांनी 2018 मध्ये 30 देशांतल्या सुमारे 2 लाख लोकांची माहिती तपासली. लोकांना सिनिकल माणसं जास्त हुशार वाटतात. प्रत्यक्षात बौद्धिक चाचण्यांत ती साधारणपणे मागेच पडली. यावर कुणी म्हणेल, चाचण्या राहू द्या, माणसं स्वार्थी असतात हा तर रोजचा अनुभव. तोही तपासला गेलाय. 2019 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगात 40 देशांत 17 हजारांहून अधिक ‘हरवलेली’ पाकिटं बँका, हॉटेलं, नाट्यगृहं अशा ठिकाणी काउंटरवरच्या माणसाच्या हाती सोपवली. पारदर्शक पाकीट, आत किल्ली, वाणसामानाची यादी, मालकाचा ईमेल असलेली कार्डं, काहींत पैसे. पैसे नसलेल्या पाकिटांबद्दल 40 टक्के लोकांनी मालकाला कळवलं, पैसेवाल्यांबद्दल 51 टक्के. सामान्य लोकांचा अंदाज नेमका उलटा होता, आणि अर्थतज्ज्ञांचाही चुकला.

तरी एक आक्षेप उरतो, आणि तो वजनदार आहे : जिथे चिरीमिरीशिवाय फाईल हलत नाही, तिथे संशय घेणं चूक कसं? चूक नाहीच. 2018 च्या त्याच अभ्यासात अधिक क्षमतेची माणसंही सिनिकल आढळली, पण परिस्थिती तशी असेल तिथेच. कमी क्षमतेची माणसं मात्र सगळीकडेच तशी होती. संशोधकांच्या मते हा त्यांचा बचाव असू शकतो : खरा कोण, लबाड कोण हे पारखता येत नसेल, तर सरसकट सगळ्यांनाच लबाड धरलं की निदान फसवणूक तरी टळते.