मधला रूळ आणि हातातला रिमोट

नंदुरबार स्टेशनात विजेची वाट सहज दिसते. वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह इंजिनात उतरतो आणि चाकांवाटे रुळांतून परत जातो. तीन रुळांच्या जुन्या खेळण्यातल्या आगगाडीत हीच मांडणी आहे; फक्त तार खाली येऊन दोन रुळांच्या मधोमध बसली आहे. अमेरिकेच्या लायनेलने ती १९०६ पासून चालवली. पुढे जर्मनीच्या मार्कलिनने १९३५ मध्ये लहान मापाच्या गाड्यांत आणि इंग्लंडच्या हॉर्नबी डब्लोने १९३८ मध्ये ती वापरली. डब्लोत मात्र १२ व्होल्ट डीसी. फायदा वळशावर कळतो. रूळ फिरून स्वतःलाच मिळाले तरी शॉर्ट होत नाही. दोन रुळांच्या गाडीत तिथे डावा रूळ उजव्याला भिडतो.

अडचण एवढीच की हुकूम गाडीला जात नाही, रुळाला जातो. ट्रान्सफॉर्मरची दांडी सरकवली की रुळावरच्या सगळ्या गाड्या एकदम पळतात. मग रिमोट कुठे बसवायचा, ट्रान्सफॉर्मरपाशी की इंजिनाच्या पोटात?

आधी लायनेलचे पोट पाहू. त्यात ई-युनिट नावाचा भाग असतो: एक कॉइल, एक खटका आणि पत्र्याच्या जिभा घासत फिरणारा छोटा ढोल. वीज गेली की खटका पडतो, आली की उचलला जाऊन ढोल एक घर पुढे सरकतो. पुढे, थांबा, मागे, थांबा असा क्रम. आपल्याकडे दिवे क्षणभर लुकलुकले तरी या गाडीला तो हुकूमच वाटतो, आणि ती भलत्याच दिशेला निघते! ई-युनिट बंद करण्याची कळ बहुतेक इंजिनांवर असते. ती लावली की दिशा पक्की राहते, पण मग रिमोटनेही गाडी मागे येणार नाही. मार्कलिन इथे शहाणी. दिशा बदलायला तिला सुमारे २४ व्होल्टचा क्षणिक झटका लागतो. नुसत्या वीज जाण्याने ती बिचकत नाही.

रिमोटचा मोह जुनाच. १९४६ मध्ये लायनेलने रुळांतूनच रेडिओलहरी सोडणारा संच काढला. इंजिन आणि डबे वेगवेगळ्या बटणांना ओळखत. तो १९४९ पर्यंतच टिकला. पुढे गायक नील यंग यांनी आपल्या दिव्यांग मुलाला गाडी चालवता यावी म्हणून नियंत्रणाचे काम हाती घेतले, आणि १९९० च्या दशकात लायनेलचा बिनतारी रिमोट बाजारात आला. आपल्याकडे कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला खुले झाले. तिथे गाड्या आणि सिग्नल एका पॅनेलवरून चालतात, पण रिमोट हातात घेऊन पॅनेल सोडून उठायची सोय वेगळीच.

माझे मत विचाराल तर जुन्या इंजिनाला शक्यतो हात लावू नये. ट्रान्सफॉर्मर आणि रूळ यांच्यामध्ये रिसीव्हर बसवावा. तोच व्होल्टेज कमी-जास्त करतो, क्षणभर वीज तोडून दिशाही बदलतो. मार्कलिनसाठी २४ व्होल्टची वेगळी सोय करावी लागते. एका वेळी एकच गाडी चालते, हे मान्य. दोन गाड्या वेगवेगळ्या पळवायच्या तर प्रत्येकीत आपल्यापुरता हुकूम ओळखणारा डीकोडर हवा, आणि मार्कलिनच्या जुन्या मोटरमध्ये त्यासाठी बहुधा कॉइलच्या जागी कायमचुंबक घालतात. गाडी छान चालते, पण ती आता जुनी कुठे राहिली?

तिसरी वाट बॅटरीची. इंजिनामागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळशाच्या डब्यात, बॅटरी आणि रेडिओ रिसीव्हर ठेवला की रुळात वीजच नको. गंजलेले रूळही चालतात आणि दिवे गेले तरी गाडी अडत नाही. लायनेलची मोटर डीसीवरही फिरते, पण नुसती टोके उलटवून दिशा बदलत नाही, कारण फिरणारे आर्मेचर आणि स्थिर फील्ड कॉइल या दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो. चार डायोडांचा पूल फील्ड कॉइलवर बसवला की तिथला प्रवाह एकाच दिशेने राहतो आणि आर्मेचरचा तेवढा उलटतो. काम झाले. ई-युनिटच्या तारा मात्र कापू नयेत. सोल्डर सोडवून, चिठ्ठी लावून ठेवाव्यात.

आणि हे सगळे करण्याआधी भिंतीतले बोर्ड पाहा. लायनेलचा जुना ट्रान्सफॉर्मर ११५ व्होल्टचा. आपल्या २३० ला थेट जोडला तर धूरच निघेल. स्टेप-डाउन लावला तरी ६० सायकलसाठी बनलेला हा जीव ५० वर जास्त तापतो, तेव्हा भार निम्मा ठेवलेला बरा.